ख्रिस्ती पंथ का फुटले? मारबर्गपासून नागपूरपर्यंत

गोदाकाठ (धागाकर्ता)

कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांत फरक काय, असं विचारलं की बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळतं. पोपला मानणारे ते कॅथलिक, न मानणारे ते प्रॉटेस्टंट, हे पहिलं. दुसरं असं की हे सगळं राजकारण होतं, राजांना रोमचा जाच नको होता आणि धर्म नुसता निमित्ताला होता. पहिलं उत्तर बरोबर आहे, पण त्यातून काही उमगत नाही. दुसऱ्याबद्दल मात्र सविस्तर लिहायचं आहे. मी नगर जिल्ह्यातल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चच्या मंडळीत वाढलो. आमच्या पणजोबांनी ज्या शिकवणीसाठी घरदार सोडलं तिला कुणी 'निमित्त' म्हटलं की ते मनाला लागतं, हे आधीच सांगून टाकतो.

राजकारणामुळे फूट पडल्याची उदाहरणं भरपूर आहेत. मी उलटी उदाहरणं घेतो. राजकारणाला एकी हवी होती, अगदी जिवावर बेतलं होतं, तरी एकी झाली नाही, अशा वेळी आड काय आलं?

ऑक्टोबर १५२९. मार्टिन ल्यूथर या जर्मन मठवासीने विटेनबर्गला पापक्षमापत्रांविरुद्ध (पैसे घेऊन पापाच्या शिक्षेची माफी देणारी चर्चची पत्रं) ९५ मुद्दे मांडले त्याला बारा वर्षं होत आली होती. याच वर्षी स्पायरच्या राजसभेत सुधारणावादी राजांनी आणि शहरांनी निषेध नोंदवला आणि 'प्रॉटेस्टंट' हे नाव पडलं. सम्राट पाचवा चार्ल्स केव्हाही चालून येईल अशी भीती होती. हेसेचा तरुण राजा फिलिप याचा हिशेब सरळ होता: जर्मनीतले ल्यूथरचे लोक आणि झुरिकचा सुधारक झ्विंग्ली याचे लोक एक झाले तरच दोघांचा निभाव लागेल. त्याने दोघांनाही मारबर्गच्या आपल्या किल्ल्यात बोलावून घेतलं.

तिथे पंधरा कलमं लिहिली गेली. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), ख्रिस्ताचं देवत्व आणि मनुष्यत्व, मूळ पाप, विश्वासाने तारण, बाप्तिस्मा अशा चौदा कलमांवर दोन्ही बाजू एक. पंधरावं प्रभुभोजनाचं, म्हणजे ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनावरून भाकर आणि द्राक्षारस वाटण्याच्या विधीचं. त्यातलीही बहुतेक वाक्यं दोघांना मान्य होती. अडलं ते एका ठिकाणी: त्या भाकरीत ख्रिस्ताचं शरीर खरोखर असतं का? ल्यूथरने टेबलावर खडूने लॅटिनमध्ये 'हे माझे शरीर आहे' असं लिहून ठेवलं, आणि चर्चा कुठेही गेली तरी तो त्या ओळीवरच परत येत राहिला.

आजच्या वाचकाला हा हट्ट वाटेल. मला तसं वाटत नाही. ल्यूथरच्या साऱ्या धडपडीचं मूळ एका भीतीत होतं: माझी क्षमा झाली हे मला कळणार कसं? मठात त्याने उपास केले, जागरणं केली, पापं कबूल करून करून धर्मगुरूंना थकवलं, तरी मन निवलं नाही. शेवटी सापडलं ते हे की क्षमा माझ्या आतल्या कशावरही अवलंबून नाही, देव ती बाहेरून आणून माझ्या हातावर ठेवतो. भाकर म्हणजे ते हातावर ठेवणं. तिथे ख्रिस्त खरोखर नसेल, फक्त माझ्या विश्वासामुळे 'आठवला' जात असेल, तर सगळं पुन्हा माझ्याच विश्वासाच्या बळावर आलं, आणि माझा विश्वास तर रोज डळमळतो.

झ्विंग्लीची बाजूही तितकीच गंभीर आहे. ख्रिस्त देहासह वर गेला आणि पित्याच्या उजवीकडे बसला, असं आपण उपासनेत म्हणतो. खरं शरीर एका वेळी एकाच जागी असतं. तेच शरीर हजार देवळांत हजार भाकरींत आहे म्हटलं, तर ते माणसाचं शरीर उरत नाही. आणि ख्रिस्त तुमच्या-माझ्यासारखा खरा माणूस नसेल तर त्याच्या मरणाचा आपल्याला उपयोग काय? शिवाय, ज्या देवाला माणसांनी हाडांच्या अवशेषांत, मूर्तींत, ताटवाट्यांत बांधून ठेवलं होतं त्याला सोडवायला आपण निघालो, तो पुन्हा भाकरीत बांधायचा का?

म्हणजे दोघंही तारणाबद्दलच बोलत होते. झ्विंग्लीने डोळ्यांत पाणी आणून बंधुत्वाचा हात पुढे केल्याचं वृत्तांतांत आहे. ल्यूथरने तो घेतला नाही. युती झाली नाही. दोन वर्षांनी, ११ ऑक्टोबर १५३१ ला, कॅथलिक परगण्यांशी काप्पेलला झालेल्या लढाईत झ्विंग्ली मारला गेला. ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड हे दोन पंथ तेव्हापासून वेगळे आहेत.

दुसरं उदाहरण याहून जुनं. कॉन्स्टँटिनोपलला तुर्कांचा वेढा आवळत होता. पाश्चात्त्य फौज हवी तर रोमशी समेट करायला हवा होता. बायझंटाईन सम्राट आठवा जॉन स्वतः इटलीला गेला. पवित्र आत्मा पित्यापासून निघतो की पिता आणि पुत्र या दोघांपासून, हा वाद १०५४ च्या, म्हणजे पूर्वेचं आणि रोमचं चर्च फुटलं त्याच्या, आधीपासून चालत आलेला; रोम 'दोघांपासून' म्हणे. पूर्वेची तक्रार दुहेरी होती: शिकवण चुकीची आहे, आणि सगळ्यांच्या मालकीच्या विश्वासांगिकारात (उपासनेत म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीत) तुम्ही एकट्याने 'आणि पुत्र' ही भर घातलीच कशी? महिनोन्‌महिने चर्चा होऊन ६ जुलै १४३९ ला फ्लॉरेन्सला एकीच्या कागदावर सह्या झाल्या. इफिसचा बिशप मार्क याने सही नाकारली. मंडळी घरी परतली तेव्हा साधे लोक, साधू, बायाबापड्या मार्कच्या बाजूने उभ्या राहिल्या, आणि सही करणाऱ्यांपैकी कित्येकांनी ती मागे घेतली. २९ मे १४५३ ला शहर पडलं. तलवार दारात असतानाही लोकांनी जी एकी नाकारली, तिच्या आड आलेली शिकवण 'निमित्त' कशी?

माझं म्हणणं एवढंच आहे. राजांनी फुटी वाढवल्या, टिकवल्या, काही सुरूही केल्या. पण माणसं ज्या प्रश्नावर अडून बसली तो त्यांचा स्वतःचा होता: देव आपल्याला वाचवतो तो कसा, आणि ते वाचवणं आपल्यापर्यंत पोहोचतं कुठून?

---

इतिहासप्रेमी

लेख मनापासून आवडला. मारबर्गबद्दल मराठीत इतकं सविस्तर वाचलं नव्हतं. पण उदाहरणं तुमच्या सोयीची आहेत, आता माझी घ्या.

इंग्लंड. आठव्या हेन्रीने १५२१ मध्ये ल्यूथरच्या विरोधात पुस्तक लिहिलं आणि पोपकडून 'धर्मरक्षक' ही पदवी मिळवली. पुढे पोपने राणी कॅथरीनशी झालेलं त्याचं लग्न रद्द करायला नकार दिला आणि १५३४ मध्ये हाच माणूस इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला. शिकवण बदलली का? १५३९ च्या सहा कलमांत भाकरीचं ख्रिस्ताच्या शरीरात रूपांतर होतं ही कॅथलिक शिकवण तशीच ठेवली, धर्मगुरूंना लग्नाची बंदीही तशीच. पंथ आधी झाला, शिकवण मागाहून आली.

दुसरं म्हणजे १५५५ चा ऑग्सबर्गचा तह. राजाचा जो धर्म तोच प्रजेचा. सॅक्सनीत जन्मलात तर ल्यूथरन, बव्हेरियात जन्मलात तर कॅथलिक. त्यातल्या किती शेतकऱ्यांनी प्रभुभोजनाची शिकवण तपासून पाहिली असेल?

---

गोदाकाठ

@इतिहासप्रेमी, इंग्लंडबद्दल तुमच्याशी वाद नाही, तिथे राजा पुढे आणि शिकवण मागे. पण शिकवण आली तेव्हा काय झालं तेही पाहा. हेन्रीनंतर सहाव्या एडवर्डच्या काळात १५४९ आणि १५५२ ची प्रार्थनापुस्तकं आली. मग राणी मेरीने देश रोमकडे वळवला, तेव्हा त्या पुस्तकांमागचा आर्चबिशप क्रॅन्मर १५५६ मध्ये जिवंत जाळला गेला. भीतीपोटी त्याने आधी आपली मतं मागे घेतली होती, आणि शेवटच्या दिवशी ते मागे घेणंच मागे घेतलं. ज्या हाताने त्या कागदावर सही केली तो उजवा हात त्याने आधी ज्वाळेत धरला. राजाने सुरू केलेल्या पंथासाठीही माणसं शिकवणीपायी मरायला तयार झाली.

आणि ऑग्सबर्गच्या तहात कोण नव्हतं? कॅल्विनचे, म्हणजे रिफॉर्म्ड पंथाचे, लोक नव्हते, त्यांना जर्मनीत कायद्याने जागा मिळाली ती थेट १६४८ मध्ये. ॲनाबॅप्टिस्ट तर कुणाच्याच हिशेबात नव्हते. त्यांच्या मागे एकही राजा नव्हता, उलट सगळे राजे त्यांच्याविरुद्ध होते. जानेवारी १५२५ मध्ये झुरिकला काही तरुणांनी एकमेकांना बाप्तिस्मा दिला. लहानपणी झालेला बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे, असं त्यांचं मत. दोन वर्षांत त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला लिमाट नदीत बुडवून मारलं, आणि ते झ्विंग्लीच्याच सुधारलेल्या शहराने. आमच्या प्रॉटेस्टंट इतिहासातलं हे पान वाचताना मला आजही त्रास होतो. मेनोनाइट आणि आमिश त्यांचेच वारस. हा पंथ कुठल्या राजकारणातून आला?

---

वसईची_वाडी

मी कॅथलिक, वसईची. धागा चांगला चालला आहे म्हणून दोन गोष्टी जोडते, कारण असल्या चर्चेत कॅथलिक म्हणजे 'पुण्यकर्मं करून स्वर्ग विकत घेणारे' असं चित्र राहून जातं.

पापक्षमापत्रांच्या विक्रीत जे झालं ते लाजिरवाणंच होतं. मेन्झचा आर्चबिशप आल्ब्रेश्टने पदासाठी काढलेलं कर्ज, सेंट पीटर बॅसिलिकाचं बांधकाम आणि ती पत्रं विकणाऱ्या टेट्झेलची प्रवचनं, हे सगळं खरं. पण ट्रेंटच्या धर्मसभेने (१५४५ ते १५६३) नुसती झाकपाक केली नाही. १५४७ चा तारणाबद्दलचा ठराव वाचला तर पहिलं पाऊल देवाच्या कृपेचंच आहे, माणूस स्वतःच्या बळावर तरतो असं म्हणणाऱ्याचा तिथे निषेध आहे. फरक त्यापुढचा. ल्यूथर म्हणतो, देव पाप्याला नीतिमान 'ठरवतो', जसा न्यायाधीश निकाल देतो. ट्रेंट म्हणतं, देव त्याला नीतिमान 'करू लागतो', कृपा आत शिरून माणूस बदलते, आणि माणसाने त्या कृपेला साथ द्यायची असते. त्यामुळे आमच्याकडे संस्कार सात, पापनिवेदन, संतांची मध्यस्थी. हे सगळं त्या बदलत जाण्याचा भाग आहे.

३१ ऑक्टोबर १९९९ ला त्याच ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि जागतिक ल्यूथरन संघ यांनी तारणाच्या शिकवणीवर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. मूळ गाभ्यावर आपलं एकमत आहे, उरलेल्या फरकांवरून एकमेकांना शाप देण्याचं कारण नाही, असा त्याचा आशय. २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात सामील झाले. ज्या प्रश्नावर युरोप फुटला त्यावर ४८२ वर्षांनी एवढं तरी झालं.

पण म्हणून सगळं मिटलं नाही. कारण खोल फरक दुसराच आहे: ठरवायचं कुणी? पवित्र शास्त्र एकटं पुरे, असं तुम्ही म्हणता. आम्ही म्हणतो, शास्त्र आणि परंपरा दोन्ही, आणि अर्थ लावायचा अधिकार प्रेषितांच्या वारस बिशपांना, पोपसह. शास्त्र म्हणजे किती पुस्तकं यावरही आपण वेगळे, आमच्या बायबलमध्ये ७३, तुमच्यात ६६.

आणि मराठीचा संबंध निघालाच आहे तर: 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स इंग्रज होते. एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक म्हणून जगणं अवघड, ते रोमला जाऊन येशूसंघात (जेझुइट धर्मगुरूंच्या संघात) दाखल झाले आणि १५७९ मध्ये गोव्याला पोहोचले. १६१६ मध्ये राशोलला छापलेलं हे सुमारे ११ हजार ओव्यांचं पुराण मराठीला मिळालं, त्यामागे युरोपातली ती फूटही आहे.

---

पंपा_ते_पुणे

मूळचा केरळचा, पण तीस-एक वर्षं पुण्यात असल्यामुळे आता मराठीतच भांडतो. तुमची चर्चा १५१७ पासून सुरू होते. आमच्यासाठी मुख्य फूट त्याच्या हजार वर्षं आधीची.

३२५ च्या निकेयाच्या सभेत पुत्र पित्यासारखाच पूर्ण देव असं ठरलं. मग प्रश्न आला, जो पूर्ण देव तोच मरियेच्या पोटी जन्मलेला पूर्ण माणूस, हे दोन एकत्र राहतात कसे? इफिसला ४३१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्तोरियस याचा निषेध झाला, कारण तो मरियेला 'देवाची माता' म्हणायला कचरत होता आणि ख्रिस्ताचे दोन तुकडे करतो असा त्याच्यावर आरोप होता. पर्शियाकडची पूर्वेची मंडळी ही सभा मानत नाही. खाल्सेदोनला ४५१ मध्ये ठरलं, एक व्यक्ती, दोन स्वभाव. इजिप्तचे कॉप्टिक, आर्मेनियन, इथियोपियन, सिरियन यांनी ते नाकारलं. त्यांच्या मते 'दोन' म्हणणं म्हणजे पुन्हा तुकडेच.

मारबर्गला झ्विंग्लीचे लोक ल्यूथरला 'तू दोन स्वभावांचा काला करतोस' म्हणत होते आणि ल्यूथर त्यांना 'तुम्ही ख्रिस्त चिरता' म्हणत होता, तो हाच जुना वाद, भाकरीवरून पुन्हा उभा राहिलेला. धागाकर्त्याने हे सांगायला हवं होतं.

आता तुमच्या सिद्धांताला अडचणीचं उदाहरण. येशूचा शिष्य सेंट थॉमस याचे म्हणवणारे आम्ही केरळचे ख्रिस्ती शतकानुशतकं पर्शियाकडून येणाऱ्या बिशपांच्या हाताखाली होतो. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप मेनेझिश उदयंपेरूरला आले, सभा घेतली, आमचे सिरियाक भाषेतले ग्रंथ 'दुरुस्त' केले, काही जाळले. ३ जानेवारी १६५३ ला मट्टांचेरीला हजारोंनी क्रुसाला बांधलेला दोर धरून शपथ घेतली की येशूसंघाच्या सत्तेखाली राहणार नाही. नंतर बरेच जण रोमकडे परतले. उरलेल्यांना बिशप हवा होता, तो १६६५ मध्ये आला सिरियन ऑर्थोडॉक्स पंथाचा, म्हणजे नेस्तोरियसच्या अगदी विरुद्ध टोकाचा. आमच्या पूर्वजांनी आधी एक टोक धरलं होतं, मग दुसरं. इथे ख्रिस्ताच्या स्वभावांवरून कुणी फुटलं नाही. आमच्यावर कुणी राज्य करायचं, यावरून फुटलं.

---

गोदाकाठ

@पंपा_ते_पुणे, फार मोलाचा प्रतिसाद. खाल्सेदोन आणि मारबर्गचा धागा तुम्ही जोडलात, बरं झालं. केरळचं उदाहरण तुमच्याच बाजूने जातं, त्यावर मी ओढाताण करणार नाही.

'दोन स्वभाव' या वादाबद्दल एक जोड. १९७३ मध्ये पोप सहावे पॉल आणि कॉप्टिक पोप तिसरे शनूदा यांनी, आणि १९९४ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल आणि पूर्वेच्या मंडळीचे मार दिंखा चौथे यांनी ख्रिस्ताविषयी संयुक्त निवेदनं केली. दोन्हीकडे मान्य झालं की ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे, हा विश्वास एकच आहे. पंधराशे वर्षांनी. ते वाचताना आनंद होतो आणि मधल्या शतकांत काय काय झालं ते आठवून वाईटही वाटतं.

---

मीनल_प

सगळं वाचते आहे, शांतपणे चर्चा चालली आहे म्हणून विचारायचं धाडस करते. मी हिंदू आहे, काही चुकलं तर सांगा. बाळाचा बाप्तिस्मा करायचा की नाही यावरून एखाद्याला बुडवून मारण्याइतकं काय आहे त्यात? आणि आज आपल्याकडे हा फरक आहे का?

---

गोदाकाठ

मीनलताई, चुकलं काहीच नाही.

बाळाचा बाप्तिस्मा मानणारे म्हणतात, देव आधी बोलावतो, माणूस नंतर उत्तर देतो. बाळाला काही कळत नाही हाच मुद्दा: कृपा कळण्यावर अवलंबून नाही. विरोधक म्हणतात, नव्या करारात आधी विश्वास, मग बाप्तिस्मा. ज्याला कळतच नाही तो विश्वास ठेवणार कसा? इथपर्यंत हा मंडळीतला वाद. पण त्या काळात गावात जन्मलेलं प्रत्येक मूल बाप्तिस्म्याने चर्चमध्ये येई, म्हणून चर्च आणि गाव एकच. 'मोठेपणी स्वतः ठरवीन' म्हणणारा माणूस गाव आणि चर्च यांची फारकत करत होता. शिवाय त्यातले बरेच जण शपथ घेत नसत, शस्त्र उचलत नसत. सत्ताधाऱ्यांना तो राजद्रोह वाटला. म्हणजे @इतिहासप्रेमी यांचं राजकारण इथे आहेच, पण मारणाऱ्यांच्या बाजूला.

आपल्याकडे फरक आहे का? आहे, आणि तो कसा हाताळला हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. महाराष्ट्रात मिशन आली ती आपापले पंथ घेऊन. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेलं अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळी स्वतंत्र, वर बिशप नाही. नगरच्या मंडळ्या त्यातून उभ्या राहिल्या. स्कॉटिश मिशन प्रेस्बिटेरियन, म्हणजे बिशपाऐवजी वडीलजनांच्या सभा कारभार पाहतात. पाळक (मंडळीचा धर्मगुरू) जमीनदाराने नेमायचा की मंडळीने, यावरून १८४३ मध्ये स्कॉटलंडमध्ये चर्च फुटलं, आणि मुंबईत जॉन विल्सन आपल्या सहकाऱ्यांसह फुटून निघालेल्या फ्री चर्चकडे गेले. स्कॉटलंडच्या जमीनदारांशी मुंबईच्या ख्रिस्ती माणसाचा काय संबंध? पण फूट इथेही आली. त्याशिवाय अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट.

एकीची बोलणी १९२९ मध्ये लखनौला सुरू झाली, मारबर्गला बरोबर चारशे वर्षं झाली होती. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा चर्चसंघटना मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं: अँग्लिकन, काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियनांचं संयुक्त चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स ऑफ क्राइस्ट. बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर त्यांनी एकाला जिंकवून दुसऱ्याला हरवलं नाही. दोन्ही रीती मान्य केल्या: आईबापांना हवं तर बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी दृढीकरण (आपला विश्वास स्वतः कबूल करणं), नको तर बाळाचं समर्पण आणि मोठेपणी बाप्तिस्मा. एकाच देवळात, एकाच पाळकाच्या हातून. ज्यावरून झुरिकला माणूस बुडवला, ते दोन्ही आज आमच्या मंडळीत बाकावर शेजारी बसतात.

बिशपचा प्रश्न जास्त अवघड होता. आमच्यासारख्या स्वतंत्र मंडळ्यांनी बिशप स्वीकारायचा, आणि अँग्लिकनांनी आमच्या पाळकांची दीक्षा कमी दर्जाची न मानता पुढे जायचं. शेवटी सगळ्यांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, कुणाच्या हातामुळे कुणाला काय मिळालं ते देवावर सोडून. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र अखेरच्या टप्प्यावर बाहेर राहिले. मेथडिस्ट चर्च आजही वेगळं आहे.

---

दौंडकर

केडगाव आमच्या तालुक्यातलं, त्यामुळे पंडिता रमाबाईंशिवाय हा धागा अपुरा वाटला असता.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला, अँग्लिकन चर्चमध्ये झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार वाचण्यासारखा आहे. त्रैक्य, ख्रिस्ताचा कुमारीच्या पोटी जन्म, धर्मगुरूंचा अधिकार, सगळ्यावर या बाई प्रश्न विचारत होत्या. एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं, ते दुसऱ्या कुणाचं मानेवर घेण्यासाठी नव्हे, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. पंथ निवडायच्या आधी पंथांनाच जाब विचारणारी अशी नवख्रिस्ती त्या काळात दुसरी दाखवा.

पुढे १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं आत्मिक जागरण झालं. मुली तासन्‌तास प्रार्थना करत, रडत, पापं कबूल करत. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सीमोर यांच्या सभा सुरू झाल्या त्या १९०६ मध्ये, म्हणजे केडगावनंतर. पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल पंथाचा जन्म सगळे अझुसाला मांडतात. पण रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी केडगावच्या अनुभवावर लिहिलेली पुस्तिका चिलीतल्या मैत्रिणीला, मेथडिस्ट मिशनरी विलिस हूव्हर यांच्या पत्नीला, पाठवली. १९०९ मध्ये तिथे जागरण झालं, हूव्हर मेथडिस्ट चर्चमधून बाहेर पडले आणि चिलीचं पेंटेकॉस्टल चर्च उभं राहिलं. दक्षिण अमेरिकेतल्या एका पंथाचं एक मूळ दौंड तालुक्यात आहे, हे आपल्याकडे किती जणांना माहीत असेल?

शिकवणीचा फरकही इथे दिसतो. अमेरिकन पेंटेकॉस्टलांपैकी बहुतेकांच्या मते अन्य भाषा (प्रार्थनेत न शिकलेल्या भाषा) बोलणं हेच आत्म्याच्या बाप्तिस्म्याचं चिन्ह. मुक्तीतही मुली अन्य भाषांत बोलल्या, पण रमाबाईंनी ते एकमेव आणि सक्तीचं चिन्ह मानलं नाही. प्रेम आणि बदललेलं जीवन त्यांना जास्त मोलाचं होतं.

---

जॉयल_पिंपरी

दौंडकर काका, धन्यवाद. आम्ही पेंटेकॉस्टल, आणि आम्हाला लोक 'नवीन फॅड' म्हणतात, म्हणून हे वाचून बरं वाटलं. आमच्यातही सगळे सारखे नाहीत. काही मंडळ्या पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देतात, काही फक्त येशूच्या नावाने, कारण त्या त्रैक्यच मानत नाहीत. १९१६ मध्ये अमेरिकेत असेंब्लीज ऑफ गॉड हा पेंटेकॉस्टल मंडळ्यांचा संघ याच मुद्द्यावर फुटला. म्हणजे निकेयाचा प्रश्न सोळाशे वर्षांनी परत आलाच.

---

रूपाली_वि

माझा प्रश्न अगदी घरचा आहे. मी सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची), होणारा नवरा वसईचा कॅथलिक. कुणी म्हणतं मला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागेल, कुणी म्हणतं नाही. नक्की काय?

---

वसईची_वाडी

रूपाली, पुन्हा बाप्तिस्मा नाही. पाण्याने, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला तुझा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च खराच मानतं, आणि खरा बाप्तिस्मा दुसऱ्यांदा देताच येत नाही. मंडळीच्या नोंदवहीतला दाखला काढून ठेव, फादर तो मागतील. (जॉयल म्हणतो तसा फक्त येशूच्या नावाने झाला असता, तर गोष्ट वेगळी होती.)

लग्नाला बिशपांची परवानगी लागते. दोघंही बाप्तिस्मा झालेले, त्यामुळे हे लग्न आमच्या दृष्टीने संस्कारच आहे. तू कॅथलिक व्हावंस अशी अट नाही. नवऱ्याला मात्र वचन द्यावं लागतं की तो स्वतःचा विश्वास सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) देण्यासाठी शक्य ते सगळं करेल. हे वचन तुला आधी सांगितलं जातं. त्यावर तुम्ही दोघं आत्ताच बसून मोकळेपणाने बोला, लग्नानंतर नको.

आणि एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे त्या दिवशी दुखावली जाणार नाहीस. लग्न मिस्सामध्ये (आमच्या प्रभुभोजनाच्या उपासनेत) झालं तर सगळे ख्रिस्तप्रसाद, म्हणजे ती भाकर, घ्यायला रांगेत जातील, तुला तो मिळणार नाही. तुझ्या विश्वासात खोट आहे म्हणून नव्हे. वर मारबर्गचं लिहिलंय ना, भाकरीत काय आहे आणि ती द्यायचा अधिकार कुणाचा, तिथे आपण अजून एक झालेलो नाही. म्हणून मिश्र लग्नांत पुष्कळदा मिस्साशिवाय, फक्त वचनं आणि आशीर्वाद असा विधी ठेवतात. तुमच्या फादरना तसं विचारा. आमच्या वाडीत अशी लग्नं झाली आहेत, आणि तुमचे पाळकही येऊन वाचन आणि प्रार्थना करू शकतात.

---

गोदाकाठ

@रूपाली, वाडीताईंनी सांगितलं ते बरोबर आहे. आमच्या बाजूचं सांगतो: त्याचा बाप्तिस्मा आम्हीही मान्य करतो, आणि तो उपासनेला आला तर आमच्या टेबलावरून त्याला परत पाठवत नाहीत. घ्यायचं की नाही हे मात्र त्याच्यावर सोड, कारण कॅथलिक चर्च त्याला आमच्याकडे प्रभुभोजन घ्यायची मोकळीक देत नाही, आणि त्याला स्वतःच्या चर्चशी प्रामाणिक राहायचं असेल. दाखल्यासाठी पाळकांना लवकर गाठ. जुन्या नोंदवह्या शोधायला वेळ लागतो.